पंगतीबाहेरचं नाव

शोभनाकाकूंचं वाढणं ज्यानं पाहिलं नाही, त्याला पंगत कळली नाही, असं न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या आसपासची मराठी मंडळी अजून म्हणतात. गणपतीच्या महाप्रसादाला हायस्कूलचा कॅफेटेरिया घ्यायचा, लांबच लांब टेबलं जोडायची आणि तीनशे माणसं बसवून जेवू घालायची, ही काकूंची रीत. एका वर्षी कमिटीतल्या तरुणांनी बुफेचा विषय काढला.

"काकू, लाइन लावली की वीस मिनिटांत सगळे मोकळे."

"देवाच्या दारात माणसाला ताट हातात देऊन उभं करायचं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "मग प्रसाद कशाला म्हणता, लंच म्हणा."

विषय तिथेच मिटला. पानं खरं तर कागदाची, पण शब्द 'पान' हाच. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भाताची मूद, त्यावर वरण, वर तूप. वाढप्यांना काकूंचे नियम दोनच. एकदा भांडं घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभं राहिलं की शेवटच्या पानापर्यंत जायचं, मधेच रांग सोडून दुसरीकडे वळायचं नाही. आणि दुसरा, वाढणाऱ्यानं पानाकडे बघावं, तोंडाकडे बघू नये. तोंड बघितलं की हात सैल सुटतो; आपल्या माणसाला दोन जिलब्या पडतात नि परक्याला एक. त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि त्याचं पाप वाढणाऱ्याच्या माथी. मिरजेला असताना आईनं हे शिकवलं होतं. काकूंनी न्यू जर्सीत तीस वर्षं ते पाळलं.

पाळलेलं व्रतसुद्धा कधी कधी माणसाला आडवं येतं. काकूंना ते मतदानाच्या दिवशी आलं.

काकू इथे आल्या त्या लग्नानंतर लगेच, शैलेंद्रकाकांच्या मागोमाग. काका एका विमा कंपनीत प्रोग्रामर. एकुलता मुलगा निमिष आता सांता क्लाराला. तो लहान असताना काकूंनी रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर मराठीचा वर्ग सुरू केला. निमिष चार आठवड्यांत पळाला, पण शेजारपाजारची मुलं येत राहिली. त्यांतली सगळ्यांत चिवट म्हणजे राधिका. जन्म इथलाच, 'ळ' म्हणताना जीभ अडायची, पण हार मानायची नाही. "मावशी, अगेन," म्हणायची आणि 'बाळ, काळा, पळाला' असं जिन्यापर्यंत घोकत जायची. काकूंना ती मावशी म्हणे. काकूंना मुलगी नव्हती. बाकी काही सांगायला नको.

मत देणं काकूंना पूजेसारखंच वाटे. नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नव्हती. सकाळी अंघोळ, देवापुढे निरांजन, मग चांगली साडी नेसून शाळेतल्या बूथवर. आणि नोव्हेंबरइतकीच जूनचीही निवडणूक महत्त्वाची. जूनची निवडणूक म्हणजे घरातली. आपल्याच पक्षातून कोणाला पुढे करायचं, ते तेव्हा ठरतं. या गावात तर जूनमध्ये जो निघाला तो नोव्हेंबरात आलाच म्हणून समजायचं.

२०२१ सालच्या वसंतात राधिका काकूंकडे आली ती उभी राहायची बातमी घेऊनच. वय चौतीस, नोकरी काउंटीच्या लायब्ररीत. गावाच्या कौन्सिलवर आपल्या वॉर्डातून उभी राहते म्हणाली.

"देवळाच्या रस्त्याला फुटपाथ नाहीये, मावशी. तुम्ही सगळ्या रस्त्याच्या कडेनं चालता, बाजूनं ट्रक जातात. मी तीन वर्षं मीटिंगला जाऊन बोलते. दे जस्ट नॉड."

"मग आता काय करणार?"

"आता मी त्यांच्या खुर्चीत बसणार."

काकूंना हसू आलं. पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांचा पाठिंबा दुसऱ्याच कुणाला होता, हे राधिकानं सांगितलं. पण पाठिंबा नसला म्हणून काय झालं, पक्ष तर तोच, असं काकूंना वाटलं. त्यांनी तिला देवघरापाशी नेलं, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "माझं मत तुला. आणि आमच्या विष्णुसहस्रनामाच्या नऊ जणींचंही. देवासमोर शब्द देते."

शब्द त्यांनी पाळायचा पुरा घाट घातला. मतदानाच्या दिवशी दोन गाड्या काढल्या. काका तेव्हा निमिषकडे गेलेले, म्हणून एक गाडी काकूंनी स्वतः चालवली, दुसरी सुलभानं. सुलभा म्हणजे काकूंची तीस वर्षांची मैत्रीण आणि तीस वर्षांची टीकाकार. सगळ्या एकाच बूथच्या. बायकांतल्या निम्म्याअधिक जणी जूनमध्ये पहिल्यांदाच मत देत होत्या. शाळेच्या पार्किंगमध्ये काकूंनी त्यांना गोळा करून समजावलं.

"आत मोठा फळा असतो, दाराएवढा. त्यावर नावं असतात, उभ्या रांगेत. आपल्या पक्षाची रांग पहिलीच आहे. वर गव्हर्नर, मग खाली खाली उतरत आपल्या गावापर्यंत. वरून सुरुवात करायची, नावाशेजारी दाबायचं, दिवा लागतो. शेवटपर्यंत जायचं. मधे पान सोडायचं नाही."

"आणि राधिका?" कुणीतरी विचारलं.

"ती आपल्याच पक्षाची ना? मग आपल्याच रांगेत असणार. दुसऱ्याच्या पंगतीत कशाला बसेल?"

त्या वेळी मास्क होते. श्वासाची वाफ चष्म्यावर चढत होती, मागे रांग होती. काकू पडद्याआड गेल्या आणि पहिल्या पानापासून वाढायला लागल्या. एकेक हिरवा दिवा लागत गेला, दीपमाळेसारखा. गव्हर्नर, मग आमदार, मग काउंटी, मग कौन्सिल. काकूंनी नावं वाचली नाहीत. रांग वाचली. शेवटी खालचं मोठं बटण दाबलं, मनात 'श्रीकृष्णार्पणमस्तु' म्हटलं आणि बाहेर आल्या. बाहेर नऊ जणी टी-शर्टवर, पदरावर 'मी मत दिलं'चे स्टिकर लावून उभ्या होत्या. काकूंनी सगळ्यांना गाडीतल्या डब्यातल्या रव्याच्या वड्या दिल्या.

राधिका चौदा मतांनी हरली.

काकूंना हळहळ वाटली, पण आपल्याकडून काही राहिलं असं मुळीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र देवाची भांडी उचलताना प्रकार उलगडला. आदल्या संध्याकाळी चिंचेनं घासलेली ताम्हन-पळी त्यांनी पोस्टानं आलेल्या एका मोठ्या कागदावर निथळत ठेवली होती. हा कागद म्हणजे मतपत्रिकेचा नमुना. निवडणुकीआधी तो प्रत्येकाच्या घरी येतो. काकूंनी तो कधी उघडून वाचला नव्हता. पळी उचलली, तर तिच्या पाण्याच्या वर्तुळात, कागदाच्या अगदी उजव्या टोकाला एक नाव होतं. राधिकाचं.

काकू खाली बसल्या. चष्मा पुसून सगळा कागद बघितला. पहिली रांग भरगच्च होती, वरपासून खालपर्यंत एकही घर रिकामं नाही. ती पक्षाची रांग नव्हती, तर पक्षाच्या पुढाऱ्यांनी ज्यांना पाठिंबा दिला त्यांची होती. ज्यांना पाठिंबा नाही ते पलीकडे विखुरलेले, कुणी तिसऱ्या रांगेत, कुणी चौथ्या. आणि सहाव्या रांगेत, वर सगळी रिकामी घरं, खाली सगळी रिकामी घरं, मधे एकटी राधिका. पंगत संपल्यावर कोपऱ्यात कुणाला तरी पान मांडून द्यावं, तशी.

काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला. दहा मतं तिला मिळायची ती समोरच्याला मिळाली होती; म्हणजे वीसचा फरक. चौदा मतांनी हरली होती पोरगी.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. काकांनाही नाही. पुढे चार वर्षं राधिका महाप्रसादाला आली नाही. "बिझी असेल," काकू म्हणायच्या. दर वर्षी पंगतीच्या शेवटी एक पान जास्त मांडायच्या, ते तसंच उचललं जायचं. जिलबी त्यांनी त्या जूनपासून तोंडात घातली नव्हती. कुणी विचारलं तर म्हणत, "शुगर."

२०२४च्या वसंतात एके सकाळी काका पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, ऐकलंस का? कोर्टानं मतपत्रिकेची ती रांग मोडायला सांगितली."

काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. "म्हणजे?"

"आता प्रत्येक पदाची वेगळी चौकट. गव्हर्नरला उभे असलेले सगळे एका चौकटीत, कौन्सिलला उभे असलेले सगळे दुसऱ्या चौकटीत. पाठिंबा असो नसो, सगळे एकत्र. ह्या जूनला एकाच पक्षाला लागू आहे म्हणे, पुढे सगळ्यांना होईल."

"मग नाव शोधायला कोपऱ्यात जायला नको?"

"नको. तुझी पंगत मोडली, शोभना!" काका हसले.

काकू हसल्या नाहीत. पोळी तव्यावर करपली, ती त्यांनी स्वतःच्या पानात घेतली.

पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि एप्रिलमधल्या एका शनिवारी दारावरची घंटा वाजली. दारात राधिका. हातात पत्रकांचा गठ्ठा, कोटावर बिल्ला, चेहऱ्यावर सगळ्या दारांसाठी ठेवलेलं हसू.

"हॅलो आंटी, आय एम रनिंग फॉर टाउन कौन्सिल..."

आंटी. काकूंना वाटलं, कानफटात मारली असती तरी बरं. 'ळ' घोकत जिन्यावरून जाणारी पोर, आणि आंटी.

"आत ये."

"आंटी, अजून चाळीस दारं आहेत."

"राधिका, आत ये. मला तुला काहीतरी सांगायचंय, ते दारात सांगण्यासारखं नाही."

ती आली, पण कोट काढला नाही. त्याच डायनिंग टेबलापाशी, खुर्चीच्या टोकावर बसली. काकूंनी ड्रॉवरमधून चार वर्षं जपलेला तो कागद काढला. पाण्याचं वर्तुळ आता पिवळं पडलं होतं. कागद टेबलावर पसरून काकू म्हणाल्या, "मी तुला मत दिलं नाही."

राधिका कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आय नो."

"तुला माहीत होतं?"

"बूथप्रमाणे आकडे येतात, आंटी. पब्लिक असतात. आपल्या बूथवर मला थ्री व्होट्स. मम्मी, डॅडी आणि मी." तिनं बिल्ल्याशी चाळा केला. "तुम्ही देवासमोर म्हणाला होता. टेन, म्हणाला होता. मी त्या नाइटला ते टेन धरून चालले होते. मला वाटलं, तुम्हाला नको म्हणायचं नव्हतं म्हणून हो म्हणालात. मराठी लोक करतात तसं. तोंडावर हो."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी पुसलं नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पार्किंगमधलं भाषण, वाफेचा चष्मा, हिरवे दिवे. "मला वाटलं रांग म्हणजे पक्ष. वाढताना मी तोंड बघत नाही गं. पान बघते. तिथेही तसंच केलं. तुझं तोंड बघायला हवं होतं."

राधिका पुढे वाकली. मग तिनं कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "मी कोर्टात गेलेल्या लोकांसाठी सह्या गोळा केल्या होत्या. लोकांना सांगायचे, कागदाच्या डिझाइनमुळे माणसं नावच शोधत नाहीत. आणि तुमच्या बाबतीत मला एकदाही असं वाटलं नाही. मला वाटलं, सगळ्यांना डिझाइन फसवतं, पण मावशींनी मुद्दाम केलं."

मावशी म्हणाली होती. काकूंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाहीसं दाखवलं.

"चहा ठेवू?"

"नको." ती उठली. "पण एक करा. त्या नऊ जणींना सांगा. मला जसं सांगितलं तसं. नाहीतर नव्या कागदावरही त्या रांगच शोधतील."

ती गेल्यावर काकू देवघरापुढे बसल्या. राधिकाला सांगणं जड होतं. पण नऊ बायकांपुढे, त्यातून सुलभापुढे, 'मी तुम्हाला चुकीचं शिकवलं' म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीत हातातलं तुपाचं भांडं पालथं होण्यासारखं. तीस वर्षं ज्यांनी काकूंच्या मागून मीठ वाढलं, त्यांच्याच समोर.

पुढच्या शनिवारी सहस्रनामाची फलश्रुती झाली, आरती झाली आणि काकूंनी तोंड उघडलं. सगळं सांगितलं.

सुलभानं घसा खाकरला. "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"नाव. त्या टोकाला. म्हटलं, हे काय इकडे? पण तू बजावलं होतंस ना, मधे पान सोडायचं नाही. मी म्हटलं, शोभनाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मुकाट्यानं रांग संपवली."

"अगं, मग मला बाहेर आल्यावर सांगायचंस!"

"तू वड्या वाटत होतीस," सुलभा म्हणाली. "आनंदात होतीस. आणि तुला चूक दाखवायला कुणाची छाती आहे? मागे एकदा मी कोशिंबीर उजवीकडे वाढली तर तू सहा महिने बोलली नव्हतीस."

"तीन."

"सहा. मी मोजले होते."

आधी त्यांच्यातली इला हसली, मग सगळ्याच. काकूही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. त्या दिवशी काकूंनी पहिल्यांदा ऐकून घेतलं की त्यांच्या दोन नियमांच्या खाली माणसं दबून वागतात. ते मतापेक्षा जास्त टोचलं. मग नवा नमुना सगळ्यांच्या मधोमध ठेवला गेला. एकेक चौकट एकेकीनं मोठ्यानं वाचली. काकू शिकवायला बसल्या नाहीत, ऐकायला बसल्या. गव्हर्नरच्या चौकटीत कुणाला द्यायचं यावरून इला आणि सुलभाचं जुंपलं, ते काकूंनी जुंपू दिलं.

जूनच्या दहा तारखेला काकू एकट्याच गेल्या. गाड्या काढल्या नाहीत. जी ती आपापली आली. देवळाच्या रस्त्यानं कडेकडेनं चालत, ट्रक आला की गवतात पाऊल टाकत. आत या वेळी फळा नव्हता, काचेचा पडदा होता, बोटानं दाबायचा. पहिल्या चौकटीत कितीतरी नावं. काकूंनी प्रत्येक वाचलं. कोण हे, याचं काय ऐकलं होतं, आठवलं. कौन्सिलच्या चौकटीशी पोहोचल्या तेव्हा बूथवरच्या बाईंनी बाहेरून विचारलं, "मॅडम, काही मदत हवी का?"

"नो, थँक यू," काकू म्हणाल्या. "आय एम लुकिंग."

चार नावं होती. राधिका तिसरी. ना कोपऱ्यात, ना पाटावर; बाकी तिघांच्या खांद्याला खांदा लावून. काकूंनी नावाकडे असं बघितलं की समोर वेणी घातलेली आठ वर्षांची पोर दिसायला लागली. मग बोट टेकवलं.

राधिका याही वेळी हरली. वॉर्डात दुसरी आली, एकतीस मतांनी मागे. नव्या कागदानं नाव दिसतं, निवडून येतंच असं नाही. समोरचा माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा, आणि त्याचीही माणसं आहेत. देवळाच्या रस्त्याला फुटपाथ अजून नाही.

पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मावशी, आपल्या बूथचे आकडे आले."

"किती?"

"सत्तावन्न."

काकू बोटांवर मोजायला लागल्या. "म्हणजे तू, मम्मी, डॅडी आणि..."

"आणि फिफ्टी-फोर मावश्या," राधिका म्हणाली.

त्या वर्षी महाप्रसादाला ती आली. पंगतीच्या शेवटी जे जास्तीचं पान असे, त्यावरच नेमकी बसली, आई-वडिलांपासून लांब. काकू जिलबीचं ताट घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि निघाल्या. एकही पान सोडलं नाही, प्रत्येकाला एकच जिलबी. पण बघणाऱ्यांनी एक बदल पाहिला. काकू प्रत्येक पानाशी थांबत होत्या, मान वर करत होत्या, आधी तोंड बघत होत्या, नाव घेत होत्या. "देवांग, घे. निधी, अजून भात?" पंगत नेहमीपेक्षा अर्धा तास उशिरा उठली. कमिटीतला एकजण कुजबुजला, "बुफे असता तर..." त्याला सुलभानं डोळ्यानंच गप्प केलं.

शेवटच्या पानाशी काकू पोहोचल्या.

"राधिका."

"मावशी, मला दोन हव्यात."

"पंक्तिप्रपंच होतो," काकू म्हणाल्या, आणि एकच वाढली. मग रिकामं ताट बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसल्या.

राधिकानं आपल्या पानातली जिलबी मोडली आणि अर्धी काकूंपुढे केली. चार वर्षांत पहिल्यांदा काकूंनी जिलबी खाल्ली. शुगरचं कुणी विचारलं नाही.